साडेपाच इंच आखूड

मी साखळी बोलतेय. नॉर्डाल गावात, हवं तर अख्ख्या मिनेसोटात म्हणा, माझ्याइतका सरळ आणि खरा जीव दुसरा झाला नाही. मी मैदानात आले की बावीस दांडगी पोरं गप्प व्हायची. पंच गुडघ्यावर बसून माझं तोंड बघायचा. हजारभर माणसं हातातला डोनट हातातच धरून थांबायची. माझं माप म्हणजे माप. दहा यार्ड म्हणजे दहा यार्ड!

आता एवढी फुशारकी मारलीच आहे, तर पुढचंही सांगून टाकते. मी दहा यार्डांची नाही. पाच इंचांनी आखूड आहे. किंवा साडेपाच. त्यावर दोन म्हाताऱ्यांचा वाद आहे, तो पुढं येईलच.

माझं शिक्षण बेताचं. मला दोनच आकडे येतात, चार आणि दहा. पण आमच्या खेळाला तेवढे पुरतात. नाव फुटबॉल असलं तरी ह्यात पायापेक्षा हाताचंच काम जास्त. दोन्ही टोकांना निमुळता चेंडू पोटाशी धरायचा आणि समोरच्या अकरा रेड्यांमध्ये घुसायचं. चार खेपा मिळतात. चार खेपांत दहा यार्ड पुढं गेलात, तर पुन्हा नव्या चार खेपा. नाही गेलात, तर चेंडू दुसऱ्यांचा. गेलात की नाही हे कोण सांगणार? मी. झालं, एवढाच खेळ. बाकी सगळं प्राध्यापकांनी पुस्तकं लिहायला वाढवून ठेवलंय.

माझा जन्म एकोणीसशे चौतीस सालचा. नॉर्डाल कॉलेजचा बॉयलर सांभाळणारा हालवर ब्रेक्के, त्यानं गोठ्यातल्या जुन्या साखळ्या तोडून, कड्या जोडून मला घडवलं. माझ्या दोन टोकांना दोन उंच काठ्या. त्या केल्या एमिल रुस्टाडनं. एमिल गावातला सुतार आणि हालवरचा मेहुणा, म्हणजे हालवरच्या बायकोचा, गुड्रूनचा, भाऊ. म्हणजे मी अगदी घरगुती माल.

आणि मला मोजलं कुणी? गुड्रूननं. परसात कपडे वाळत घालायच्या दोन खांबांमध्ये मला ताणून, कपडे बेतायच्या फितीनं. हालवर एक टोक धरून उभा, आणि ती फीत सरकवत माझ्या कडेकडेनं गुडघ्यावर चाललेली. मध्येच ओरडली, "अरे ओढून धर की! सैल धरशील तर पोरं फसतील."

"पोरं कसली फसतायत, रेड्यासारखी आहेत," हालवर म्हणाला.

"रेडा फसत नाही वाटतं?"

त्या दिवशी मी पुरती दहा यार्डांची होते. एक केस कमी नाही, एक केस जास्त नाही. हे लक्षात ठेवा. मी जन्माची खोटी नव्हे.

मग दर शनिवारी, पानं पिवळी झाल्यापासून पहिला बर्फ पडेपर्यंत, माझं पुढचं टोक हालवरच्या हातात आणि मागचं एमिलच्या. आकड्यांची एक तिसरी काठी असते, ती बँकेतला कारकून धरायचा. त्याचं इथं काही काम नाही, आणि खरं तर तिथंही नव्हतं.

साखळीवाल्यांना एक दंडक होता. आपलं कॉलेज जिंको नाहीतर हरो, टाळी वाजवायची नाही, ओरडायचं नाही. आम्ही म्हणे न्यायाचे लोक. त्यामुळं नॉर्डालनं धडक मारली की हालवर ओठ असे मिटून धरायचा, जणू तोंडात खिळे धरलेत. आणि बुटातल्या बुटात बोटं वळवायचा. मी जमिनीवर पडलेली असायचे ना, मला सगळं दिसायचं. एमिल आगकाडी चावायचा. एका चुरशीच्या सामन्यात त्यानं अर्धी पेटी चावून संपवली. घरी चूल पेटवायला काडी नाही म्हणून बायकोचं बोलणं खाल्लं ते वेगळंच.

मी स्वतः मात्र दंडक कधी पाळला नाही. सामन्याआधी पाद्रीबाबांची प्रार्थना सुरू झाली, सगळं मैदान चिडीचूप झालं, की मी हळूच वाजायचे. खळ्ळ. पाद्रीबाबा एक डोळा उघडून हालवरकडं बघायचे. कोच बर्डिक येरझाऱ्या घालायला लागला की त्याच्या पायात मी अडकायचे. एकदा पडला तोंडावर, सगळ्या गावासमोर. उठून म्हणाला, "ही साखळी विल्मोटला मिळालेली आहे." विल्मोट म्हणजे शेजारचं कॉलेज, आमचं सात पिढ्यांचं वैरी. तिथली पोरं उंच, तिथलं मैदान हिरवं. त्यांच्याकडून आम्ही सलग अकरा वर्षं हरलो होतो. जिंकणाऱ्याला मिळायचा दुधाचा एक जुना पत्र्याचा कॅन. तो अकरा वर्षं विल्मोटच्या दिवाणखान्यात होता, आणि आमच्या दिवाणखान्यात तो ठेवायचं टेबल रिकामं होतं. त्या टेबलावरची धूळ मात्र दर सोमवारी कुणीतरी पुसायचं.

असं सगळं छान चाललेलं. दोन मेहुणे, मध्ये मी. दोघांत दहा यार्डांचं अंतर असायचं म्हणून बोलणंही मोठ्यानंच.

"हालवर, गुड्रूननं काय केलंय जेवायला?"

"तुला काय करायचंय? तू येणारच आहेस."

"म्हणूनच विचारतोय. आवडीचं नसलं तर दुपारी घरून खाऊन येतो."

मग एकावन्न सालच्या फेब्रुवारीत गुड्रून गेली. छातीत कफ झाला होता. हालवर म्हणाला, बाहेर बर्फ आहे, डॉक्टरला सकाळी बोलावू. सकाळी बोलावलं. तोवर उशीर झाला होता.

दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात सगळे कॉफी घेत बसले होते. मी काही तिथं नव्हते, पण बॉयलरच्या खोलीत येऊन हालवरनं मला सांगितलं. दुसरं कुणी नव्हतंच सांगायला. एमिल कप हातात घेऊन, कुणाकडं न बघता, म्हणाला होता, "एक दिवस आधी बोलावलं असतंस तर वाचली असती माझी बहीण." हालवरनं कप खाली ठेवला, टोपी घेतली आणि निघून आला.

त्यानंतर दोन वर्षं दोघांत बोलणं नाही. एकाच गावात, एकाच चर्चमध्ये, चार बाकांच्या अंतरावर. फक्त शनिवारी मला दोन टोकांनी धरायला यायचे. त्या दोन वर्षांत मी त्यांच्या तोंडून दोनच शब्द ऐकले. "ओढ." आणि "सोड." माझ्यासारखे अडाणी झाले बिचारे.

आता येतं त्रेपन्न साल. माझ्या बदनामीचं.

मार्च महिना. बर्फ वितळून रस्त्याचा राबडा झालेला. गंज काढायला हालवर मला दरवर्षी घरी न्यायचा, तसा कॉलेजच्या ट्रॅक्टरवर टाकून नेत होता. वळणावर बघतो तर एमिलची पिकअप गाडी खड्ड्यात तिरकी पडलेली, आणि एमिल चिखलात गुडघाभर उभा.

ट्रॅक्टर थांबला. हालवरनं मला काढलं. एक टोक ट्रॅक्टरला बांधलं, दुसरं एमिलकडं फेकलं. एमिलनं ते गाडीला बांधलं.

"ओढ," एमिल म्हणाला.

अहो, मी मापाची साखळी! मैदानात मिरवणारी! मला गाडी ओढायला लावली! पण ओढली. गाडी वर आली आणि शेवटच्या हिसक्याला माझी एक कडी तुटली, दोन वाकड्या झाल्या.

"सोड," हालवर म्हणाला.

एमिलनं सोडली. टोपीला हात लावला. बस्स. दोन वर्षांतला तो सगळ्यात मोठा संवाद.

हालवरनं त्या तीन कड्या काढून टाकल्या, उरलेलं सांधलं, तीन कड्या कॉफीच्या रिकाम्या डब्यात ठेवल्या आणि म्हणाला, "नंतर बसवू." मग कॉलेजचा बॉयलर फुटला, मग उन्हाळा आला, मग भिंती रंगवायच्या निघाल्या. नंतर ते नंतरच राहिलं, आणि तो विसरूनही गेला. आणि मला कोण मोजणार? गावात सगळ्यांना मी मोजते. मला मोजायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

सप्टेंबरात खेळ सुरू झाला आणि गंमत बघा. नॉर्डाल जिंकायला लागलं!

त्याचं असं झालं. कोच बर्डिकचा चेंडू फेकण्यावर विश्वास नव्हता. म्हणायचा, "हवेत गेलेली वस्तू कुणाचीही होते." त्यामुळं आमचा डाव एकच. डेल्मर क्वामच्या हातात चेंडू द्यायचा आणि त्यानं सरळ नाकासमोर घुसायचं. डेल्मर शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी, बटाट्याच्या शेतावरचा, मान नसलेला मुलगा. म्हणजे असेल, पण ती आम्हाला कधी दिसली नाही. दर खेपेला तीन यार्ड, कधी सव्वातीन. तीन खेपांत जेमतेम दहाच्या काठावर. काठावर म्हणजे आधी तीन बोटं अलीकडं राहायचा. आता मी आखूड, तर तोच डेल्मर तीन बोटं पलीकडं! नव्या चार खेपा! समोरची पोरं लांब लांब चेंडू फेकणारी, त्यांना पाच इंचांनी काय फरक पडतो?

घरच्या मैदानावर तीन सामने झाले, तिन्ही जिंकलो. बाहेर चार झाले, चारही हरलो, कारण तिथल्या साखळ्या माझ्यासारख्या प्रेमळ नव्हत्या.

आणि गावाचं काय? प्रत्येकाकडं कारण तयार. चर्चच्या बायका म्हणाल्या, आमचे डोनट. पाद्रीबाबा म्हणाले, प्रार्थना. बाहेरगावी माझी प्रार्थना पोचत नाही. न्हावी म्हणाला, घरच्या सामन्याआधी पोरांचे केस मी कापतो. कोच म्हणाला, माझी हॅट. ती त्यानं एकदाही काढली नाही, झोपतानासुद्धा नाही असं त्याची बायकोच सांगत हिंडायची. मी आपली जमिनीवर पडून खळखळून हसत होते. लोकांना वाटायचं, वाऱ्यानं वाजते.

एक खोट होती. मैदानावरच्या चुन्याच्या रेषांशी मी जुळत नव्हते. पण रेषा मारायचा हालवर, आणि त्याच्या रेषा पहिल्यापासून इतक्या वाकड्या की लोक म्हणायचे, म्हातारा चष्मा बदलत नाही. हालवरही तेच समजायचा. मग आठव्या, म्हणजे शेवटच्या सामन्याआधी कोचनं लांबच लांब पोलादी फीत आणून त्याच्या हातात दिली. "हालवर, विल्मोटची मंडळी येतायत. निदान रेषा तरी सरळ मार."

शुक्रवारी दुपारी हालवरनं रेषा मारल्या. पोलादी फितीनं, एकदम सरळ. मग सवयीनं मला बाजूला अंथरलं. मागची काठी एका रेषेवर, आणि पुढची दहा यार्डांवरच्या रेषेपर्यंत पोचेना. पंजाभर अलीकडं.

तो किती तरी वेळ माझ्याकडं बघत उभा राहिला. मी कुठं बघणार? साखळीला मान खाली घालायची सोय नसते, ती आधीच खाली असते.

बॉयलरच्या खोलीत जाऊन त्यानं कॉफीचा डबा उघडला. तिन्ही कड्या तिथं होत्या.

"तासाभराचं काम आहे," तो मला म्हणाला. एकटा माणूस, बोलतो वस्तूंशी. "सकाळी जोडतो. आणि तिन्ही सामन्यांचं सांगायचं का? सांगितलं तर दोघांनाही काढतील. नवी साखळी, नवी माणसं." मग डब्याचं झाकण लावलं. "मग एमिल कुठं आणि मी कुठं."

म्हणजे बघा, ह्या माणसाला कॅनची पर्वा नव्हती, अकरा वर्षांचीही नव्हती. त्याला शनिवार हवा होता. दहा यार्डांवर उभा असलेला तो आगकाडी चावणारा माणूस हवा होता. "ओढ" आणि "सोड" एवढंच का होईना, पण बोलणारा.

सकाळी काय होणार? तेच झालं. थंडी पडली, बॉयलरनं मान टाकली, पाहुण्या संघाला आंघोळीला गरम पाणी नाही म्हणून कॉलेजचे अध्यक्ष स्वतः धावत खाली आले. दुपारी एकला पाणी तापलं आणि दीडला सामना. हालवरनं तीन कड्या कोटाच्या खिशात टाकल्या आणि मला खांद्यावर घेतलं.

"खेळ झाल्यावर सांगू," तो म्हणाला. सांगताना त्याचा आवाज जरा कसनुसा झाला. असलंच 'नंतर बघू' त्यानं आधीही कधीतरी म्हटलेलं होतं.

सामना सांगत नाही बसत. चिखल, थंडी आणि डेल्मर. शेवटची दोन मिनिटं राहिली तेव्हा विल्मोटचे चौदा आणि आमचे बारा. चेंडू आमच्याकडं, विल्मोटची शेवटची रेषा हाकेच्या अंतरावर, ती ओलांडली की सामना आमचा. तीन खेपा झालेल्या. चौथी, शेवटची. डेल्मर घुसला. वर माणसांचा ढीग पडला. एकेक करून माणसं उचलली, तळाशी डेल्मर, पोटाशी चेंडू.

पंचानं हात केला. साखळी!

आम्ही धावलो. एमिलनं मागची काठी रोवली. हालवरनं मला ताणलं. मी ताठ झाले, हवेत थरथरले, आणि चेंडूचं नाक माझ्या काठीच्या तीन बोटं पुढं होतं.

सगळं मैदान उठून उभं राहिलं. पंच हात वर करायच्या बेतात होता. आणि एवढ्या गलक्यात माझ्या टोकाला धरलेला हात मला कळत होता. तो घट्ट नव्हता. ओढून धर की, सैल धरशील तर पोरं फसतील. हे मी म्हटलं नाही. मला बोलता कुठं येत होतं तेव्हा? पण त्याला ऐकू आलं असावं, कारण त्यानं मला एकदम घट्ट ओढलं.

"थांबा," हालवर म्हणाला. "साखळी आखूड आहे."

पंच म्हणाला, "काय?"

"आखूड आहे. मीच कड्या काढल्या होत्या. ह्या बघा." त्यानं खिशातून तीन कड्या काढून तळहातावर धरल्या. "पाच इंच."

आणि माझ्या दुसऱ्या टोकाकडून, दहा यार्डांवरून म्हणावं तर तेवढं अंतरही नव्हतं, आवाज आला.

"साडेपाच."

हालवरनं वळून बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. एमिलनं तोंडातली काडी काढली. "सुतार आहे मी. साडेपाच."

"कशावरून?" पंचानं विचारलं.

"मोजलीय म्हणून." एमिल चालत पुढं आला, खिशातून घडीची लाकडी पट्टी काढली, पिवळी, कोपरे झिजलेली, आणि काठीपासून पुढं साडेपाच इंचांवर चिखलात बोट टेकवलं. चेंडूचं नाक त्याच्या बोटापर्यंत येत नव्हतं. दोन बोटं अलीकडं.

पंचानं हात विल्मोटकडं केला.

मग जो आवाज झाला, तो मला आजही आठवतो. कोच बर्डिक धावत आला, हॅट डोक्यावरून पडली. अखेर पडली एकदाची. "हालवर! हे तुला सोमवारी नाही सुचलं, बुधवारी नाही सुचलं, बरोबर चौथ्या खेपेला सुचलं?"

"उशीर झाला खरा," हालवर म्हणाला.

"उशीर? अरे बाबा, दोन मिनिटं अजून उशीर केला असतास तर काय बिघडत होतं!"

डेल्मर चिखलातून उठला. तोंडातला चिखल थुंकला. "हालवरकाका, किती राहिलं?"

"दोन बोटं, पोरा."

डेल्मरनं आपली दोन बोटं समोर धरून नीट बघितली. "सकाळी अजून एक बटाटा खायला पाहिजे होता," तो म्हणाला आणि लंगडत निघून गेला. चार वर्षं त्यानं ह्या एका सामन्याची वाट बघितली होती. जाता जाता त्यानं माझ्यावरून पाय उचलून टाकला, तुडवलं नाही मला. मी पुष्कळांच्या खोड्या काढल्या, पण त्या पोराची कधी काढली नाही.

कॅन विल्मोटकडंच राहिला. बारावं वर्ष.

सोमवारी अध्यक्षांनी दोघांना बोलावून आभार मानले. आभार मानले की समजायचं. शहरातून नवी साखळी आली, चकचकीत, गर्विष्ठ, विनोदबुद्धी शून्य. दोन नवी माणसं आली. हालवरनं मला पोत्यात भरून घरी आणलं. न्हाव्यानं त्याला तासभर बसवून ठेवलं आणि दुकान बंद केलं. चर्चच्या बायकांनी त्याला डोनट दिला, पण कालचा. रस्त्यात लोक टोपीला हात लावायचे, बोलायचे नाहीत. कुणी त्याला खोटारडा म्हटलं नाही. खरं बोलला म्हणूनच तर राग होता.

दहा दिवसांनी ओसरीवर बूट वाजले. दारात एमिल, खांद्यावर माझ्या दोन काठ्या.

"काठ्या मी केल्या होत्या," तो म्हणाला. "त्या नवीन लोकांना कशाला द्यायच्या?"

"बरोबर आहे."

"तर आणल्या."

"बरं केलंस."

दोघं उभे. मी पोत्यात. शेवटी मीच वाजले, खळ्ळ, प्रार्थनेत वाजायचे तशी.

"कॉफी घेणार?" हालवर म्हणाला.

दोन वर्षं नऊ महिन्यांनी एमिल त्या स्वयंपाकघरात बसला. गुड्रूनच्या खुर्चीवर नाही, शेजारच्या. हालवरनं कॉफी ओतली. दोघंही कपात बघत होते.

"कधी कळलं तुला?" हालवरनं विचारलं.

"पहिल्याच शनिवारी. रेषेपाशी काठी पोचेना. सामना संपल्यावर मोजली."

"मग बोलला का नाहीस?"

"कुणाशी? तू 'सोड'च्या पुढं काही बोलत होतास का?" एमिलनं साखर घातली, ढवळली, पुन्हा घातली. "आणि तुटली ती माझी गाडी काढताना. म्हटलं, सांगितलं तर नवी साखळी येईल, नवी माणसं येतील. मग शनिवारी मी कुठं उभा राहू?"

हालवरनं लेफ्सेची, म्हणजे बटाट्याच्या पोळीची, बशी पुढं सरकवली. स्वतः केलेली, जाड, कडेनं जळकी. एमिलनं एक घेतली, उलटून बघितली आणि मुकाट्यानं खाल्ली. मेहुण्यानं मुकाट्यानं खाल्लं, तेव्हा मला खात्री पटली की आता भांडण मिटणार.

"त्या दिवशी तळघरात मी जे बोललो," एमिल म्हणाला.

"खरं होतं ते."

"खरं असेल. म्हणून काय कॉफीच्या टेबलावर बोलायचं?"

"त्या शनिवारी मीही भर मैदानात बोललोच की," हालवर म्हणाला. "सकाळी बघू, सकाळी बघू करत मी तिला घालवलं, एमिल. त्या पंचाचा हात वर जायला लागला ना, तेव्हा मला वाटलं, आता पुन्हा सकाळ नको."

एमिलनं खिडकीबाहेर बघितलं. बाहेर कपडे वाळत घालायचे ते दोन खांब होते, मध्ये बर्फ. त्या खांबांमध्येच मला मोजलं होतं. मग एमिल म्हणाला, "ह्या काठ्या अशाच पडून राहतील. काहीतरी करू त्यांचं."

त्यांचं केलं, आणि माझंही केलं. वसंतात दोघांनी ओसरीवर झोपाळा बांधला. एमिलच्या काठ्यांचे हात झाले, जुन्या बाकाची फळी झाली, आणि मला मध्ये तोडून माझे दोन तुकडे केले, एक डावीकडं, एक उजवीकडं. त्या तीन कड्याही हालवरनं जोडल्या, शेवटी एकदाच्या. पण तोडताना मोजलं नाही, नजरेनं तोडली! त्यामुळं झोपाळा एका अंगाला कलता. बसलं की हालवर हळूहळू घसरत एमिलच्या अंगावर जातो. एमिल कोपरानं ढकलतो. तो पुन्हा घसरतो. इतकी वर्षं दहा यार्डांवर उभे असायचे, आता बोटभर अंतर राहत नाही.

तर अशी मी. माप गेलं, मान गेला. पंच नाही, गलका नाही. शनिवारी लांबून मैदानावरचा बँड ऐकू येतो तेव्हा अंगातून एक कळ जाते, नाही असं नाही. डेल्मर आता शेतावर असतो. मधूनमधून बटाट्याचं पोतं घेऊन येतो आणि ओसरीच्या पायरीवर बसतो. झोपाळ्यावर बसत नाही, म्हणतो तुटेल. कुरकुरणं मात्र मी सोडलेलं नाही. पाद्रीबाबा भेटायला आले आणि डोळे मिटले की वाजतेच. तुमच्याकडं एखादी जुनी साखळी पडली असेल ना, तर तिला भंगारात घालू नका. आधी दोन माणसं शोधा आणि दोन टोकांना बसवा. मापाचं नंतर बघता येईल.

कालचीच गोष्ट. संध्याकाळ झालेली, दोघं झोपाळ्यावर. हालवर तिसऱ्यांदा घसरला आणि वैतागून माझ्याकडं वर बघू लागला.

"डाव्या बाजूला आखूड पडलीय बघ. चार-पाच इंच असेल. उद्या फीत आणतो आणि नीट मोजून सरळ करून टाकतो."

एमिलनं तोंडातली आगकाडी काढली. "मागच्या खेपेला तू मोजलंस, तर अख्खं गाव तुझ्याशी बोलायचं थांबलं. बोलणारा मी एकटा उरलोय. अजून मोजायचंय?"